फसली १३४९ची विंचेस्टर

सकाळी साडेसात. शटर वर केलं की आधी तिजोरीखोली. वारलेल्या परवानाधारकांच्या बंदुका इथे जमा असतात. रॅकवरचा नंबर रजिस्टरशी जुळल्याशिवाय परभणीतलं माझं दुकान उघडत नाही. आषाढात हवा दमट, म्हणून प्रत्येक नळीवर तेलाचा हलका हात फिरवतो. पॉलिश मात्र नाही. जुनी बंदूक चकचकीत करू नका, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला विनवतो. घासण्याच्या नादात शिक्के पुसतात, आणि शिक्के गेले की तिची जन्मपत्रिकाच गेली.

साडेदहा. जिंतूर तालुक्यातले तिघे भाऊ आले. वडील गेले, बंदूक माझ्याकडे जमा. ती कुणाच्या नावावर करायची आणि वाटणीत किती धरायची, हा प्रश्न. थोरला म्हणाला, "काका, आजोबा जर्मन हाय म्हणायचे. लाखांत जाईल ना?"

बाहेर आणली. आधी रिकामी असल्याची खात्री: मूठ मागे ओढून काडतुसाच्या जागेत बोट घातलं, खालची नळीही तपासली. बाहेर दिसणाऱ्या घोड्याची ही एकनळी पंप बंदूक म्हणजे विंचेस्टरचं १८९७चं मॉडेल, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून उतरलेलं. चाप दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली, तर ही बंदूक तेवढ्यावरही उडते. म्हणून हिला हात लावताना मी कुणाशी बोलत नाही.

मग भिंग. नळीवर न्यू हेवन, कनेक्टिकट. म्हणजे अमेरिकन. भावांचे चेहरे जरा उतरले, पण खरं काम पुढेच होतं. हे मॉडेल १९५७पर्यंत बनत राहिलं, दहा लाखांवर नग निघाले. तेव्हा नुसतं 'विंचेस्टर' म्हणून भाव ठरत नाही, साल लागतं. नंबरापुढचं अक्षर रचनेतला बदल सांगतं, साल नव्हे. साल नंबरावरून काढायचं. शिवाय 'डब्ल्यूपी' हा लंबगोलातला शिक्का कंपनीने १९०५पासून मारायला घेतला. या बंदुकीच्या नळीवर तो ठसठशीत आहे, मागच्या पोलादी पेटीवर नाही, आणि तिथे तो घासल्याची खूणही नाही. खोलून पाहिली. सुट्या होणाऱ्या बंदुकीत नंबर दोन ठिकाणी असतो, पेटीवर आणि नळीच्या जोडावर. दोन्ही वेगळे निघाले. पेटी १९०५च्या आधीची, नळी नंतर कुणीतरी बदललेली.

"म्हंजे खोटी हाय?" मधल्याने विचारलं.

खोटी नाही. चालायला उत्तम, आतून आरशासारखी स्वच्छ. पण संग्राहक मूळ जोडीला पैसे मोजतो.

धाकट्याने तेवढ्यात प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला उर्दू कागद काढला. निजामाच्या अमलातला परवाना, तारीख फसली १३४९. फसलीत ५९० मिळवले की १९३९-४०. त्यात बंदुकीचा नंबर होता, आणि तो पेटीवरच्या नंबराशी अंकाअंकाने जुळला. मला फार आनंद झाला, तो मी लपवला नाही. १९४८च्या पोलिस कारवाईच्या आधीपासून एकाच घरात असलेली बंदूक आणि तिचा कागद दोन्ही एकत्र मिळणं, हे या धंद्यात क्वचित होतं.

किंमत मात्र अमेरिकेच्या पुस्तकातून काढता येत नाही. आपल्याकडे घेणारा परवानाधारकच हवा. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे घराघरांतली तिसरी बंदूक बाजारात आली आणि जुन्या मालाचा भाव त्यानेही खाली ओढला.

दुपारी भाकरी खाऊन लगेच कामाला.

तीन वाजता गंगाखेडची दुनळी. नळीवर 'मॅन्टन, कलकत्ता' पाहून मालक खूश. ते विकणाऱ्या पेढीचं नाव, हे त्यांना सांगावं लागलं. खाली बर्मिंगहॅमचे तपासणी शिक्के होते. काडतुसाची जागा मोजली, अडीच इंच. खडकीच्या कारखान्याचं ७० मिलिमीटरचं काडतूस हिच्यात घालायचं नाही. ते आत बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. भावाआधी ही गोष्ट मी त्यांच्या परवान्याच्या फाइलीत लिहून दिली.

पाच वाजता कलेक्टर कचेरीत, वारसाच्या अर्जांसाठी. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर हयातीतच ती वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. हे लोकांना कुणी वेळेवर सांगत नाही, आणि मग मुलांची धावपळ होते.

सात वाजता जिंतूरचा कागद लिहायला घेतला. पहिल्याच ओळीत: नळी मूळची नाही. धाकट्याचा फोन आला, ते वाक्य खाली कुठेतरी टाकता येईल का? मी नाही म्हणालो. घेणारा नंबर पाहणारच, तो आधी आपल्याकडून कळलेला बरा. उर्दू कागदाची प्रत सोबत जोडली आणि त्याला बजावलं, मूळ कागद प्लास्टिकमधून काढ, कोरड्या फाइलीत ठेव, बंदूक नावावर होईपर्यंत कुणाच्या हाती देऊ नकोस.