गाडीचा विलंब आणि प्रवाशाचा हक्क

सिल्लोड गावाला अद्याप रेल्वे नाही. येथील प्रवाशाला एस.टी.ने छत्रपती संभाजीनगर किंवा जळगाव गाठून गाडी धरावी लागते. परतताना गाडीस चार तास विलंब झाला, तर शेवटची बस चुकते आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. तरीही ‘तिकीटच स्वस्तातले, तक्रार कसली?’ असा समज आढळतो. तो निराधार आहे.

आरक्षित तिकिटाच्या गाडीस तीन तासांहून अधिक विलंब होऊन प्रवास रद्द केल्यास संपूर्ण भाडे परत मिळते. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी खिडकीवरील तिकीट परत करावे, ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर अर्ज भरावा.

प्रवास करूनही नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. जम्मूस चार तास उशिरा पोहोचल्याने विमान चुकलेल्या प्रवाशाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2021 रोजी भरपाई कायम केली. विलंब नियंत्रणाबाहेरचा होता, हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्या भरपाईत टॅक्सीखर्चाचे 15,000 रुपये होते. म्हणजेच भरपाई ठरते ती नुकसानीवरून, भाड्यावरून नव्हे.

स्वस्त तिकिटाच्या तक्रारीस शुल्कही नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास ते माफ आहे. मुदत दोन वर्षांची असून तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात दाखल करता येते. त्यासाठी तिकीट, विलंबाची नोंद व खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती ग्रामसभेत दिली, तरी अनेकांचा संकोच दूर होईल.