मुलगा निरीक्षणगृहात असताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले, की आई डोळे पुसत पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसते आणि वडील घरी बसून म्हणतात, 'राहू दे चार दिवस आत, म्हणजे अक्कल येईल.' रागाच्या भरात निघालेले हे वाक्य पुढे फार महागात पडते. कसे, ते आज सांगायचे आहे.

बोलताना आपण 'रिमांड होम' म्हणतो. कायद्यात त्याचे नाव निरीक्षणगृह. मुंबईत ते डोंगरीला आहे, पुण्यात येरवड्याला. ही दोन्ही नावे आपल्या मनात तुरुंगाशी जोडलेली आहेत. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते डोंगरीच्याच तुरुंगात. पण निरीक्षणगृह म्हणजे तुरुंग नव्हे. चौकशी चालू असताना मुलाला तात्पुरते ठेवण्याची ती जागा आहे. मूल तिथे आहे याचा अर्थ त्याचा गुन्हा शाबीत झाला, असा होत नाही.

सध्याचा बाल न्याय कायदा २०१५चा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्याही घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल, तर एका सदस्यापुढेही हजर करता येते. तेव्हा 'उद्या रविवार आहे, सोमवारी पाहू' असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

पालकांना लवकरात लवकर कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे आधी विचारा. मुलाशी बोलताना आई-वडिलांना जवळ बसता येते. कबुलीसाठी त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, असे नियम सांगतात. म्हणून 'कर सही आणि सुटू दे' असा सल्ला आपणच मुलाला देऊ नये. अंगावर मार दिसला तर तो पहिल्याच दिवशी मंडळाला दाखवावा आणि वैद्यकीय तपासणी मागावी.

आता जामिनाचे पाहू. मोठ्या माणसाच्या बाबतीत आरोप किती गंभीर, यावर बरेच अवलंबून असते. मुलाचे तसे नाही. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आणि ठेवून घेणे हा अपवाद. अपवादाची कारणे कायद्यात तीनच आहेत. सुटल्यावर तो माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या मनाला, शरीराला वा नीतीला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल. जामीन नाकारायचा तर मंडळाला कारणे लिहून द्यावी लागतात.

ही कारणे नीट वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दोहोंचे उत्तर वकिलापेक्षा घराकडे असते. मूल बाहेर आले तर राहणार कुठे, दिवसा त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, शाळा की कामधंदा, ज्या टोळक्याबरोबर ते सापडले त्यापासून दूर कसे राहणार? वडील मंडळापुढे आलेच नाहीत, तर या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणीच नसते. मग 'घरी सोडण्याजोगी स्थिती नाही' असे म्हणायला मंडळाला वाव मिळतो. 'अक्कल येईल' म्हणून ठेवलेले चार दिवस असे लांबत जातात.

आई-वडीलच हवेत असेही नाही. गावी मामा असेल, लग्न झालेली बहीण असेल, तर त्यांना घेऊन जा. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला आधी तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. मग लोकक्षोभ उसळला आणि त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले. पुढे २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडून आत्याच्या ताब्यात दिले, कारण जामीन दिलेल्या मुलाला असे ठेवणे कायद्यात बसत नव्हते. आई-वडील त्या वेळी स्वतःच कोठडीत होते. मुलाचे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पोलिसांनी त्यांच्यावर ठेवला होता. त्या प्रकरणाविषयी कोणाचे काहीही मत असो, मुलाला ताब्यात घ्यायला उभी राहणारी व्यक्ती किती मोलाची, हे त्यातून दिसले.

जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर मुलाला अट बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढे न्यावे लागते. गरीब घरांतल्या पालकांना हे फारसे कोणी सांगत नाही.

परिविक्षा अधिकारी हे नाव जड आहे, पण या सगळ्यात तोच माणूस आपल्या सर्वांत जवळचा. दोन आठवड्यांत त्याने मुलाच्या घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो घरी येतो तेव्हा पुष्कळ घरांत सारवासारव होते. बापाचे दारू पिणे, मुलाची सुटलेली शाळा, भावाची जुनी केस, सगळे झाकले जाते. शेजारी मात्र ते सांगतातच. त्यापेक्षा आपणच सांगावे, आणि त्यावर काय करणार आहोत तेही सांगावे.

वकिलासाठी दागिने मोडायची गरज नाही. मुलाला मोफत कायदेशीर मदत मिळेल हे पाहणे मंडळाचेच काम आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. 'साहेबांना सांगून सोडवतो' म्हणणारी माणसे बाहेर भेटतात. त्यांना पैसे देऊ नका.

वयाचा कागद पहिल्याच तारखेला जवळ असू द्या. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. (गुरुजींनी एक जून जन्मतारीख लावून दिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. म्हणून दाखला आधी नीट पाहून घ्या.) वय धरायचे ते घटनेच्या दिवसाचे. मोठा समजून मुलाला तुरुंगात टाकले असेल, तर अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागल्यानंतरसुद्धा.

सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून अधिक असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. ते आपोआप होत नाही. पुण्याच्या त्याच प्रकरणात मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. अशा आरोपात मात्र चांगला वकील पहिल्या दिवसापासून हवा. मंडळाचा आदेश मान्य नसेल, तर तीस दिवसांत अपील करता येते.

भेटीचा वार आणि वेळ अधीक्षकांना विचारून घ्या, आणि चुकवू नका. भेटीत पहिली पाच मिनिटे तरी 'तू हे का केलंस' विचारू नका. जेवतोस का, झोप लागते का, कोणी मारतं का, हे विचारा. दुसऱ्या मुलांपुढे रडू नये म्हणून मुलगा 'बरं आहे' म्हणतो. त्याच्या हातापायांकडे पाहा. काही खटकले तर तोंडी तक्रार करून थांबू नका, मंडळाला लेखी द्या.

मंडळाने मुलाला दोषी ठरवले, तरी समज देऊन घरी पाठवण्यापासून समाजसेवा, समुपदेशन, परिविक्षेवर मुक्तता असे अनेक आदेश देता येतात. विशेष गृहात ठेवायचे ते जास्तीत जास्त तीन वर्षे.

'पोराला डाग लागला' ही भीती मात्र निम्मी तरी सोडून द्या. मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो छापणे किंवा दाखवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे आमच्या वृत्तपत्रवाल्यांनाही लागू आहे. बाल न्यायालयाने प्रौढ समजून चालवलेला सोळा वर्षांवरच्या मुलाचा खटला सोडला, तर मंडळाच्या निकालामुळे मुलावर कोणतीही अपात्रता येत नाही. आणि प्रकरण बंद झाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांना ही जुनी नोंद उघड करता येत नाही. कोणी केलीच, तर कलम ७४ दाखवा.