पिकअप डिझेलची की पेट्रोलची?

आमच्या नांदगावात पिकअप म्हटली की डिझेलच, असं सगळे धरून चालतात. कारणही आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. नुसती हवा सोळा-अठरा पट दाबली की ती एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल इतकं दाबलं तर नॉकिंग होतं, म्हणून तिथे साधारण दहा-अकरावर थांबतात. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे तेवढ्याच इंधनात जास्त काम. शिवाय टर्बो डिझेलला कमी आरपीएमला टॉर्क मिळतो. कांद्याच्या गोण्या भरून चढ चढताना तोच लागतो.

पण २००५ साली डिझेलवर आलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर पेट्रोलमध्येही मिळू लागला. डिझेलचा धूर साफ करणं महाग पडतं. त्यातला डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, गावातल्या गावात फिरून चोंदतो.

गल्लीतल्या किराणावाल्या काकांना मी म्हणूनच पेट्रोल सांगितलं. दिवसाला वीस किलोमीटर फिरून डिझेलचे जादा पैसे कधी वसूल व्हायचे? आणि हप्ता त्यांनाच भरायचाय, मला नाही!

रोज माल भरून लासलगाव गाठणाऱ्याने मात्र डिझेलच घ्यावी. फिल्टरचा दिवा लागलाच, तर गाडी हायवेवर थोडा वेळ सलग पळवावी. साठलेली काजळी जळून जाते.