कमरेचं खापर दाढेवर

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले अस्थिरोगतज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकात पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या रुग्णांसाठी एक पट्टा तयार केला. पट्टा म्हणायचा तो आपला म्हणण्यापुरता. कमरेला घट्ट आवळलेलं खोगीर, त्यातून छाती-पाठीवर उभ्या गेलेल्या धातूच्या पट्ट्या, वर गळ्याभोवती कडं आणि त्या कड्यावर हनुवटी टेकवायला एक पाटी. दिवसाचे २३ तास हे सगळं अंगावर वागवायचं. वाढत्या वयातली मुलं-मुली ते वर्षानुवर्षं वागवत. कण्याला आधार मिळाला, पण हनुवटीवरचा दाब खालच्या जबड्यातून थेट दातांवर जाऊ लागला. पुढचे दात बाहेर झुकले, दाढा हिरडीत दबल्या, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड दिसू लागला. दातांच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं आणि पुढे हनुवटीची पाटी जाऊन तिथे गळ्याजवळचा हलका आधार आला.

पाठ सरळ करायला गेले आणि दात वाकडे झाले! दातांचा चावा आणि शरीराची ठेवण यांच्या नात्यावर गेली कित्येक दशकं वाद चालू आहे, आणि त्यात हे उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. परिणाम कुठून कुठे गेला हे त्यात स्वच्छ दिसतं : शरीराकडून दातांकडे. बाजारात मात्र उलटी गोष्ट विकली जाते. चावा बिघडला म्हणून मान आखडते, खांदा झुकतो, एक पाय आखूड होतो, कंबर धरते. तेव्हा आधी दात घासून घ्या, कॅप बसवा, तारा लावा.

चावा म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांत कसे बसतात ते. त्याची आजही वापरात असलेली वर्गवारी अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये केली. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठे टेकते, यावर ती बेतलेली आहे. पण अँगल पाहत होते ते दात. खालचा जबडा कवटीला स्नायूंनी टांगलेला असतो आणि ती कवटी मानेवर तोललेली असते, हे त्या वर्गवारीत कुठेच येत नाही.

ते अनुभवायचं तर एक प्रयोग करून बघा. ताठ बसा आणि दात अलगद टेकवा. आता छताकडे बघत मान मागे टाका आणि पुन्हा तसेच टेकवा. मग हनुवटी छातीकडे नेऊन तिसऱ्यांदा. मान मागे गेली की खालचा जबडा जरासा मागे सरकतो आणि मागच्या दाढा आधी लागतात. मान खाली घातली की तो पुढे येतो. ‘सिमेंट भरलं तेव्हा बरोबर वाटलं होतं, घरी पहिला घास घेतला आणि दाढ उंच लागली,’ ही तक्रार दवाखान्यात रोजची आहे, आणि तिचं एक कारण हेच. खुर्चीत आडवं पडून निळा कागद दातांत धरून ‘चावा, आता घासा’ होतं. जेवतो मात्र आपण बसून. म्हणून जाणता डॉक्टर शेवटी खुर्ची उभी करतो आणि कागद पुन्हा एकदा लावतो. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंना केसाहून पातळ पापुद्रासुद्धा कळतो, तिथे उंच राहिलेलं सिमेंट सोसणार कसं?

मज्जातंतूंचं नातंही खरं आहे. हंगेरीचे डॉक्टर येन्द्राशिक यांनी १८८५ मध्ये एक युक्ती सांगितली. गुडघ्यावर हातोडी मारूनही पाय उडत नसेल, तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं. पाय झटकन उडतो. हाताच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासताना तेच काम दात आवळून होतं, आणि वैद्यकीय विद्यार्थी ते आजही शिकतात. म्हणजे दात आवळले की शरीरातले इतर स्नायूही सावध होतात. पण किती वेळ? आवळलेत तोवरच. चावा वाकडा असल्याने पाठ कायमची वाकडी होते, असं यावरून सिद्ध होत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते श्वासाचं प्रकरण. त्याची चर्चा होते त्याहून किती तरी जास्त व्हायला हवी. नाकामागे अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेलं मूल तोंडाने श्वास घेतं. हवा नीट जावी म्हणून ते मान किंचित मागे टाकून डोकं पुढे काढतं. तोंड उघडं राहिल्याने जीभ टाळूला न टेकता खाली पडून राहते. वरच्या जबड्याला आतून रुंदावणारा जिभेचा आधार जातो, बाहेरून गालांचा दाब तेवढाच राहतो. मग टाळू अरुंद आणि उंच होतो, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसू लागतात आणि चेहरा लांबुडका होतो. स्वीडनमध्ये लिंडर-आरॉनसन यांनी १९७० मध्ये अशा मुलांचा अभ्यास मांडला. कोपनहेगनच्या बेनी सोलो आणि आंत्ये तालग्रेन यांनी १९७६ मध्ये डोक्याची ठेवण आणि चेहऱ्याची घडण यांची सांगड दाखवली. एगिल हारवोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावलं. त्यांचेही दात आणि जबडे बिघडले. (प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही.) आपल्याकडे ‘तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, दात खातो’ म्हटलं की घरातलं कुणी तरी जंताचं औषध सुचवतं. त्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, तर पुढच्या तारांचा खर्च कदाचित कमी होईल.

आता उलट दिशेचा पुरावा पाहू. इटलीत या विषयावर खूप काम झालं, कारण दात आणि ठेवण यांची जोडी जमवणारे उपचार तिथे बरेच लोकप्रिय होते. नेपल्सच्या मंडळींनी एका बाजूचा क्रॉसबाइट, म्हणजे वरच्या दाढा आत बसणं, असलेली मुलं तपासली. पायांच्या लांबीतल्या फरकाशी त्याचा संबंध सापडला नाही. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेरिनेत्ती यांनी माणसांना दाबमापक फळीवर उभं करून शरीराचं डोलणं मोजलं. दात मिटलेले असोत वा सुटे, चावा कसाही असो, ठेवणीशी नातं दिसलं नाही. नुसते डोळे मिटले तर मात्र डोलणं स्पष्ट वाढतं. तोल सांभाळायची कामं डोळे, आतला कान आणि तळपाय यांची. दाढेचा वाटा असलाच तर नगण्य.

तरीही दवाखान्यातलं प्रात्यक्षिक भल्याभल्यांना पटतं. तुम्ही हात आडवा धरायचा, डॉक्टर तो खाली दाबतात, हात पडतो. मग दाढांत कापसाचा बोळा धरायला देतात, पुन्हा दाबतात, हात पडत नाही. ‘बघा, चाव्यानं ताकद वाढली!’ इथे दाबणाऱ्याचा कोन, वेग, जोर आणि रुग्णाची अपेक्षा, सगळंच दुसऱ्या वेळी बदललेलं असतं. न्यूयॉर्कचे हॅरॉल्ड गेल्ब यांनी जबडा पुढे ठेवणारं एक उपकरण प्रचारात आणलं, तेव्हा अमेरिकी फुटबॉलपटूंनीही ते ताकदीसाठी तोंडात घातलं. खरं उपकरण कोणतं आणि खोटं कोणतं हे खेळाडूंना न कळू देता चाचण्या घेतल्या, तेव्हा ताकदीतला फरक विरून गेला.

याचा अर्थ जबड्याचा आणि मानेचा काहीच संबंध नाही, असा नव्हे. चेहऱ्याची संवेदना वाहणारा मज्जातंतू आणि मानेच्या वरच्या मणक्यांतले तंतू मेंदूच्या तळाशी एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखणाऱ्यांची मानही बऱ्याचदा दुखते, ती यामुळे. दिवसभर पोक काढून लॅपटॉपपुढे बसणारा माणूस साडेचार-पाच किलोंचं डोकं पुढे लटकवून ठेवतो आणि कामाच्या तंद्रीत दातही आवळतो. निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात चोवीस तासांत जेमतेम पंधरा-वीस मिनिटं एकमेकांना लागायला हवेत, तेही खाताना आणि गिळताना. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला : विश्रांतीची स्थिती ही. स्क्रीनच्या कडेला एक ठिपका चिकटवा आणि तो दिसला की दात सोडा; हा उपाय फुकट आहे.

चावा सुधारायची कारणं भरपूर आहेत. घास नीट चावता येत नाही, दात झिजतात, हिरडीला इजा होते, हसायचा संकोच वाटतो. त्यासाठी तारा जरूर लावा. रात्री दात खात असाल तर काढ-घाल करता येणारी पट्टी करून घ्या. जबडा दुखत असेल तर आधी व्यायाम, शेक, मऊ आहार असे परतीचा रस्ता असलेले उपचार करा; अमेरिकेतल्या सरकारी दंत संशोधन संस्थेचा सल्लाही हाच आहे. आणि कंबरदुखी घालवण्यासाठी कुणी तुमच्या धडधाकट दाढा घासायला निघालं, तर खुर्चीतून उठा आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञाला कंबर दाखवा. घासलेलं दातावरचं कवच पुन्हा येत नाही.