चाइल्डला पॅरेंटचा पत्ता द्या, मालकी नको

आजचा प्रश्न: पॅरेंट आणि चाइल्ड ऑब्जेक्ट एकमेकांना जोडायचे कसे? उदाहरण स्विफ्टचं घेतो.

समजा, ऑर्डर हा पॅरेंट आणि त्यातले आयटम हे चाइल्ड. ऑर्डरकडे आयटमची यादी असतेच. पण आयटमलाही कधीतरी कळायला हवं, आपण कुठल्या ऑर्डरमधले. म्हणून त्यातही ऑर्डरचा रेफरन्स ठेवतो. गोची इथेच होते.

स्विफ्ट प्रत्येक ऑब्जेक्टचे स्ट्राँग रेफरन्स मोजतं; आकडा शून्य झाला की मेमरी मोकळी. आता ऑर्डरने आयटमला धरलंय आणि आयटमने ऑर्डरला. बाकी सगळ्यांनी सोडलं तरी आकडा शून्य होतच नाही. ॲप बंद होईपर्यंत मेमरी अडकलेली! पायथॉनमध्ये अशी वर्तुळं शोधून काढणारा गार्बेज कलेक्टर असतो, स्विफ्टमध्ये नाही.

उपाय सोपा आहे: वरून खाली स्ट्राँग, खालून वर वीक. वीक रेफरन्स या मोजणीत धरला जात नाही, आणि पॅरेंट गेला की तो आपोआप निल होतो.

दुसरं म्हणजे, दोन्ही टोकं एकाच फंक्शनमध्ये जोडा. आयटम नव्या ऑर्डरच्या यादीत गेला, पण त्याचा पॅरेंट जुनाच राहिला, तर क्रॅश होत नाही, बिल चुकतं. यूआयकिटमधलं ॲडसबव्ह्यू बघा: व्ह्यू आधी दुसऱ्या कुणाकडे असेल तर तिथून काढतं, मगच इथे जोडतं. आपणही तसंच करायचं: जुन्या यादीतून काढा, नव्या यादीत टाका, पॅरेंट बदला. आणि यादी प्रायव्हेट ठेवा, म्हणजे परस्पर कुणी हात लावणार नाही.