कोयंड्याचा अर्धा इंच

घरफोडीच्या बातमीचं पहिलं वाक्य न वाचताही सांगता येतं : बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी रोख रकमेसह सोन्याचा ऐवज लंपास केला. बातमी सांगलीची असो नाही तर नागपूरची. हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यातले दोन शब्द आपण वाचतच नाही, ‘बंद’ आणि ‘कडीकोयंडा’. घरफोडीचं निम्मंअधिक शास्त्र या दोन शब्दांत आहे.

आधी कोयंडा. कुलूप घेताना आपण दुकानात दहा कुलपं हातात तोलून बघतो, किती लिव्हरचं आहे ते विचारतो. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पातळ पट्ट्या. योग्य किल्लीनं त्या सगळ्या नेमक्या उंचीपर्यंत उचलल्या गेल्या, तरच खटका सरकतो. पट्ट्या वाढल्या की बनावट किल्लीचं काम अवघड होतं, हे खरंच. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या दुकानात 1790 पासून एक कुलूप आव्हान म्हणून मांडलेलं होतं, उघडणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस. ते 1851 मध्ये आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञानं उघडलं, आणि त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले.

आपल्याकडच्या चोराला एवढा वेळ नसतो आणि त्याला तो लागतही नाही. त्याच्याकडे कटावणी असते. दोन फुटी, म्हणजे साठ सेंटिमीटरची कटावणी घ्या. तिचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली सारलं आणि टेकू टोकापासून तीन सेंटिमीटरवर आला, तर हाताकडची बाजू 57 सेंटिमीटर उरते. म्हणजे जोर 19 पट. वीस किलोचा रेटा दिला, तर पट्टीवर जवळपास 380 किलोचा ताण. शाळेत शिकलेली तरफ ती हीच. कुलूप आठ लिव्हरचं आहे की दोन, याची कटावणीला काही फिकीर नसते, कारण ती कुलपाला हातच लावत नाही.

मग हा ताण जातो कुठे? स्क्रूंवर. परवा मी आमच्या जुन्या घराच्या दाराचा कोयंडा उघडून पाहिला. कुलूप चांगलं जाडजूड, भरपूर पैसे मोजून घेतलेलं. कोयंडा चार स्क्रूंवर. एकाचं डोकं गंजून उडालेलं, उरलेले तीन जेमतेम अर्ध्या इंचाचे. एका भोकात कुणीतरी काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू घट्ट केला होता. कुणीतरी म्हणजे मीच.

स्क्रूची पकड त्याचे आटे किती लाकडात रुतलेत यावर ठरते. लांबी दुप्पट केली तर पकड साधारण दुप्पट होते, आणि लाकूड पावसाळे खाऊन भुसभुशीत झालं असेल तर लांब स्क्रूही निसटतो. उपाय सुतार पूर्वीपासून जाणतात : फळीतून आरपार जाणारे बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि नट. ते उपटायचे तर फळीच फाडावी लागते. तेवढा आवाज चोराला परवडत नाही.

आता ‘बंद’. दाराबाहेर लोंबणारं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगतं, घरी कुणी नाही. दारात बसवलेलं लॅच ते सांगत नाही. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक कोडं मांडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली, तरी घरफोड्या वाढल्या. असं का? त्यांचं उत्तर असं, की बायका नोकरीला बाहेर पडल्या, घरं दिवसभर रिकामी राहू लागली आणि घरातल्या महागड्या वस्तू हलक्या झाल्या. चोरी करणारा, उचलण्याजोगा ऐवज आणि राखणदाराचा अभाव, हे तिन्ही एका जागी जुळावे लागतात. चोराचं मन आपल्या हातात नाही. ऐवज लॉकरमध्ये ठेवता येतो. राहता राहिला राखणदार.

राखणदार म्हटलं की आपण कॅमेऱ्याकडे धावतो. कॅमेरा असावा. पण चोर जाताना डीव्हीआरच उचलून नेतात, हेही बातम्यांमध्ये वारंवार येतं. राखणदाराची सगळ्यात चांगली परीक्षा इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात झाली. तिथल्या कर्कहोल्ट या वसाहतीत घरफोड्यांचा कहर झाला होता. केन पीझ आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त आहे. चोराला वाट ठाऊक असते, आणि दार बहुधा पूर्वीसारखंच दुरुस्त केलेलं असतं. मग सगळी मेहनत फुटलेल्या घरांवरच लावली. कुलपं मजबूत केली, नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले (ते म्हणजे घरातली गल्लापेटीच), आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी घटल्या.

पुढे संशोधकांनी साथीच्या रोगांसाठीचं गणित घरफोडीला लावलं. एक घर फुटलं की पुढचे काही आठवडे आसपासच्या घरांनाही धोका वाढतो, जणू संसर्गच. म्हणून शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाल्यावर नुसतं ‘फार वाईट झालं’ म्हणून गप्प बसू नये. पाळी आपल्या जिन्याची असू शकते.

आतलीही एक गोष्ट सांगून ठेवतो. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर यांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात 105 घरफोड्यांना बोलतं केलं होतं. घरात शिरल्यावर पहिली धाव बहुधा मालकाच्या बेडरूमकडे, असं त्यांच्याकडून कळलं. आपलं लोखंडी कपाट तिथंच असतं आणि किल्ली त्याच कपाटावर.

सुट्टीत गावाला निघताना दाराच्या मुठीत पेपरची चळत साठू देऊ नका. दूध बंद करा, आणि ‘निघालो कोकणात’ हा स्टेटस परत आल्यावर टाका. दिवसभर जळणारा दिवा घरी कुणी नसल्याचंच सांगतो, त्यापेक्षा टायमर बरा. समोरच्या काकूंना किल्ली नाही दिली तरी चालेल, पण कधी परतणार ते सांगा. आणि आज संध्याकाळी एवढं कराच : स्क्रूड्रायव्हर घ्या, कोयंड्याचा एक स्क्रू काढा आणि त्याची लांबी मोजा.