कयाकवरची बॅटरी: हिशोब मे महिन्याचा करा

आजचा भाग कयाकवरून गळ टाकणाऱ्यांसाठी आहे. कयाक हाताने वल्हवायची असते, पण तिच्यावरच्या चार वस्तूंना वीज लागते: मासे आणि खोली दाखवणारा फिश फाइंडर, पहाटेचा दिवा, मोबाइल आणि जिवंत आमिषाच्या टाकीतला पंप. बहुतेक जण आधी बॅटरी विकत घेतात आणि मग तिच्यावर काय काय चालेल ते बघतात. आपण उलट्या बाजूने जाऊ. आधी टाकीतल्या माशाला काय लागतं ते बघू, मग पंप, मग बॅटरी.

उदाहरणाला झाशी घेऊ. नेवाळकरांच्या या गावाभोवती पाणी भरपूर आहे. बेतवा नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला पारीछा बंधारा, वरच्या अंगाला ललितपूर जिल्ह्यातलं माताटीला धरण आणि जवळच बरुआसागरचा जुना तलाव. अशा पाण्यात मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे असतात आणि हलतं, जिवंत आमिष त्यांना आवडतं. पण झाशीची हवा दोन टोकांची. जानेवारीत पहाटे हात गारठतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना हा उन्हाळा सांगायला नकोच.

माशाला वीज नको, प्राणवायू हवा

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच्या आसपास. दुसरीकडे, पाणी तापलं की माशाच्या शरीराचा वेग वाढतो. दहा अंशांच्या वाढीला प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यात जमा कमी आणि खर्च जास्त. जानेवारीत जो पंप थांबत थांबत चालून भागतं, तो मे महिन्यात थांबला की थोड्याच वेळात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हे दिसलं की उशीर होत आला असं समजा.

हिशोब कसा मांडायचा

विजेचा हिशोब किराण्याच्या यादीइतका सोपा आहे. वस्तू किती अँपिअर घेते गुणिले ती किती तास चालणार, बरोबर अँपिअर-तास. वस्तूवर फक्त वॅट लिहिले असतील तर त्यांना १२ व्होल्टने भागा. पहाटे ५ ते ११, सहा तासांची फेरी धरू. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही तुमच्या वस्तूवर छापलेला आकडा घ्या.

- पाच इंची फिश फाइंडर: ०.८ अँपिअर, ६ तास, म्हणजे ४.८
- टाकीचा पाण्याचा पंप, सतत: १.८ अँपिअर, ६ तास, म्हणजे १०.८
- एलईडी दिवा: ०.२ अँपिअर, १ तास, म्हणजे ०.२
- मोबाइल एकदा पूर्ण चार्ज: सुमारे १.५

बेरीज १७.३ अँपिअर-तास. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च एकट्या पंपाचा आहे. बचत करायची तर ती इथेच होणार; दिवा विझवून काही हाती लागत नाही.

आता टायमर लावा: एक मिनिट चालू, तीन मिनिटं बंद. पंपाचा खर्च चौथ्या हिश्श्यावर, २.७ वर येतो आणि बेरीज ९.२ होते. थंडीत आणि मोजके मासे असताना हे चालतं. उन्हाळ्यात मात्र ही तीन मिनिटंच महागात पडतात. म्हणून म्हणतो, बॅटरी मे महिन्याच्या १७.३ वर निवडा. जानेवारीत ती पुरून उरेल.

कोणती बॅटरी?

घरच्या छोट्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बंद बॅटरी स्वस्त आणि सहज मिळणारी आहे. पण शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे कामाचे साडेतीनच. आपल्या १७.३ साठी तशी ३५ अँपिअर-तासांची लागेल आणि तिचं वजन दहा किलोच्या आसपास जाईल. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. १७.३ ला ०.८ ने भागा: साधारण २२ अँपिअर-तास. बाजारात त्याच्या वरचा जो आकडा मिळेल तो घ्या. वजन तीन किलोंच्या जवळपास. किंमत जास्त, पण कयाकवर प्रत्येक किलो तुम्हालाच वल्हवायचा असतो.

या बॅटरीला तिचाच चार्जर लावा, शिशाच्या बॅटरीचा जुना नको. उन्हातून आणलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्या, मग चार्ज करा. आणि शिशाची बॅटरी झाकणबंद डब्यात कधीही चार्ज करू नका. तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघू शकतो.

तारा आणि फ्यूज

१२ व्होल्टने सहसा झटका बसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. खरा धोका शॉर्ट सर्किटचा आहे. दोन तारा एकमेकींना टेकल्या की बॅटरी सगळा जोर एकदम सोडते, तार लाल होते आणि प्लास्टिकची कयाक वितळायला लागते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा. आपल्या यादीला ७.५ अँपिअरचा मुख्य फ्यूज आणि पंप व फाइंडरला ३-३ अँपिअरचे वेगळे पुरतात. तार तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. दोन मीटर अंतरावर, जाऊन-येऊन चार मीटर धरले तरी, पंपाच्या प्रवाहाला तिच्यात जेमतेम ०.१ व्होल्ट गळतो. बारीक तारेत तो तिप्पट होतो आणि पंप मंदावतो.

पंप सुरू केला की फाइंडरच्या पडद्यावर रेघोट्या येतात का? तो मोटारीचा विद्युत गोंगाट आहे. दोघांच्या तारा बॅटरीपासूनच वेगळ्या न्या, एकत्र गुंडाळू नका. बॅटरीचा डबा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा असावा आणि तो टाकीच्या तळापेक्षा उंच ठेवा.

टाकी

२० लिटर पाणी म्हणजे २० किलो. टाकी आसनाच्या मागे, मधोमध, जमेल तितकी खाली बांधा. अर्धवट भरलेली टाकी सगळ्यात वाईट, कारण कयाक कलली की पाणीही त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. टाकी भरलेली ठेवा, झाकण लावा.

बोटाएवढे आठ-दहा मासे २० लिटरला पुरेत. पाणी नदीचंच घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतलंच पाणी फिरवत असाल तर माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया साठतो, म्हणून दर तासाला तिसरा हिस्सा पाणी बदला. टाकीवर ओलं गोणपाट टाका. पाणी तापलंच तर बर्फाची बंद बाटली आत सोडा, पण हळूहळू. एकदम गार पाणीही माशाला सोसत नाही. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असू द्या. तोही दगा देईल तेव्हा मग घ्या आणि टाकीतलंच पाणी वरून धार धरून ओता. हवा पाण्यात मिसळते, हात दुखतात, मासे जगतात.

निघण्यापूर्वी

एका तलावातलं आमिष दुसऱ्या तलावात नेऊ नका आणि उरलेलं पाण्यात सोडू नका. परका मासा किंवा रोग एकदा शिरला की तो काढता येत नाही. जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा मत्स्य विभागाला आणि ठेकेदाराला विचारून जा. ओरछा अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते. धरणाखालच्या पात्रात पाणी कधीही सोडलं जाऊ शकतं; तिथे उतरूच नका. आणि बॅटरी कितीही मोठी असली तरी लाइफ जॅकेट अंगावर हवं, टाकीशेजारी ठेवलेलं नको.

घरी करायचं काम एकच. पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी टाकी अंगणात भरा, सगळ्या वस्तू जोडा आणि सहा तास चालू ठेवा. पंप पाचव्या तासाला थांबला तर ते अंगणात कळलेलं बरं. भेटू पुढच्या भागात.